अब्बांची सुमो आणि तिची वही

आमच्या अंगणात फणसाखाली एक टाटा सुमो उभी असते. रंग मूळचा पांढरा. आता तो तीन प्रकारचा पांढरा आहे, कारण जेव्हा जेव्हा पत्रा मारला तेव्हा पेंटरला जो पांढरा सापडला तो लागला. कुवेतची नोकरी सोडून माझे सासरे, म्हणजे अब्बा, २००३ साली कायमचे गावी आले आणि साठवलेल्या पैशांतून त्यांनी ही गाडी घेतली. मोहल्ल्यात तेव्हा दुसरी मोठी गाडी नव्हती. बाळंतिणीला डेरवणला न्यायचे असो, मय्यतीला येणारे पाहुणे चिपळूण स्टेशनवरून आणायचे असोत किंवा वलीम्याची भांडी पोहोचवायची असोत, लोक सरळ आमच्या दारात येत. मागच्या समोरासमोरच्या बाकांवर किती माणसे मावतात याचा हिशोब कधी कोणी केला नाही.

शाळेत एकदा मुलांनी विचारले, "टीचर, सुमो म्हणजे ते जपानचे जाडे पैलवान ना?" मी सांगितले, तसे नाही. टाटांच्या मोटार कारखान्याची घडी बसवणारे सुमंत मुळगावकर यांच्या नावातले 'सु' आणि आडनावातले 'मो' घेऊन हे नाव झाले. गाडी १९९४ साली आली, पुण्यात बनत असे आणि २०१९ मध्ये तिचे उत्पादन थांबले. मुलांना पैलवानच जास्त आवडले असते, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होते.

अब्बा गाडीची एक वही ठेवत. हिरव्या कापडी पुठ्ठ्याची, दोनशे पानी. त्यात उर्दूत तारीख, किलोमीटर, काय बदलले, किती पैसे दिले. इंजिन ऑइल, डिझेल फिल्टर, फॅन बेल्ट, क्लच प्लेट, सगळे. डोळे अधू झाल्यावर २०१२ च्या आसपास त्या नोंदी विरळ होत गेल्या आणि २०१५ मध्ये अब्बा अल्लाहला प्यारे झाले. त्यानंतर गाडी वर्षभर जागची हलली नाही. आमचे हे दोह्याला, मुले लहान, सासूबाईंना गाडीकडे पाहिले की रडू यायचे. उभी गाडी चालत्या गाडीपेक्षा लवकर म्हातारी होते, हे मला तेव्हा माहीत नव्हते. बॅटरी मेली, एक टायर बसला आणि उंदरांनी बॉनेटखाली वायरी कुरतडून चक्क घर केले.

मग मी गाडी शिकले. चाळिशीला टेकलेली बाई, त्यात उर्दू शाळेतली मास्तरीण, पॉवर स्टिअरिंग नसलेली सुमो शिकते म्हटल्यावर नात्यातल्या काही बायकांनी नाके मुरडली. त्याच बायका पुढे हळदीच्या सामानासाठी मला फोन करू लागल्या, ती गोष्ट वेगळी.

गाडी चालवायला शिकले, पण सांभाळायला शिकले नव्हते. गॅरेजवाले मिस्त्री चाचा जे सांगत ते मी मान डोलावून ऐकत असे आणि घरी येऊन विसरत असे. खरे तर चाचा माझ्याशी बोलतच नसत. मी समोर उभी असताना ते माझ्या बारा वर्षांच्या मुलाला सांगत, "बेटा, अब्बूला फोनवर सांग, व्हील सिलिंडर पाझरतोय." मुलगा ते अर्धवट सांगे, हे तिकडून "बघू सुट्टीत" म्हणत आणि विषय संपे.

२०१७ च्या डिसेंबरात कराडला एक लग्न होते. परत येताना कुंभार्ली घाट उतरत होतो. गाडीत सासूबाई, नणंद, तिची दोन लेकरे, माझी दोन, मागे मिठाईचे डबे. मी तिसऱ्या गिअरमध्ये, पाय सतत ब्रेकवर. माझे ड्रायव्हिंग तेव्हा असेच होते, उतार दिसला की ब्रेक. अर्धा घाट उतरल्यावर पेडल मऊ लागले. पुढच्या वळणावर ते आणखी खाली गेले आणि त्याच्या पुढच्या वळणाआधी माझा पाय सरळ फ्लोअरला टेकला. ब्रेकच नाही.

त्या दहा-बारा सेकंदांचे मी फार वर्णन करणार नाही. मी पेडल पुन्हा पुन्हा मारले, दुसरा गिअर टाकला, इंजिन ओरडले, मग पहिला, आणि हँडब्रेक हळूहळू ओढत गाडी डोंगराला लागून असलेल्या एका रुंद जागी उभी केली. सासूबाई मोठ्याने आयतुल कुर्सी पढत होत्या. लेकरांना वाटले, चहासाठी थांबलो. माझे हात स्टिअरिंगवरून सुटेनात.

अर्ध्या तासाने पेडल पाहिले तर पुन्हा वर आलेले, जणू काही झालेच नव्हते. मला ते जादूटोण्यासारखे वाटले. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये बैलगाडीच्या चालीने घरी आलो. दुसऱ्या दिवशी चाचांनी ब्रेकचे ऑइल काढून बाटलीत धरले. कोऱ्या चहासारखे काळे. त्यांनी विचारले, "हे कधी बदललं होतं?" मी घरी येऊन अब्बांची वही काढली. शेवटची नोंद २०१० ची होती. सात वर्षे!

त्या दिवशी प्रथमच चाचांनी मुलाला बाजूला केले आणि माझ्याकडे पाहून समजावले. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते. जितके जुने तितके त्यात पाणी जास्त. घाटात सतत ब्रेक दाबला की चाकांजवळ उष्णता साठते आणि पाणी मिसळलेले ऑइल लवकर उकळते. त्याची वाफ होते. ऑइल दाबले जात नाही, म्हणून आपल्या पायाचा जोर चाकापर्यंत पोहोचतो. वाफ मात्र दाबली जाते, म्हणून पाय फ्लोअरला जातो. गाडी थंड झाली की वाफेचे पुन्हा पाणी आणि पेडल जागेवर. जादू नाही, आठवीच्या विज्ञानाच्या पुस्तकातली गोष्ट. बदलायला खर्च किती? एका लहान बाटलीचे पैसे आणि तासाभराची मजुरी. लग्नातल्या मिठाईचा एक डबा त्याहून महाग होता.

तेव्हापासून दर दोन वर्षांनी ब्रेक ऑइल बदलायचे, तक्रार असो वा नसो. आणि घाट ज्या गिअरमध्ये चढतो त्याच गिअरमध्ये उतरायचा. त्याच बैठकीत चाचांनी आणखी एक सांगितले, ते इथे मुद्दाम लिहिते, कारण आपल्याकडे कितीतरी ड्रायव्हर डिझेल वाचवायला उतारावर इंजिन बंद करतात. ब्रेक हलका लागावा म्हणून जो बूस्टर असतो त्याला व्हॅक्यूम लागतो आणि डिझेल गाडीत तो इंजिनावर फिरणाऱ्या पंपाकडून मिळतो. इंजिन बंद म्हणजे पंप बंद. दोन-तीनदा ब्रेक मारला की साठलेला व्हॅक्यूम संपतो आणि पेडल दगडासारखे होते. पेडल खाली जाते तेव्हा दोष ऑइलचा, पेडल कडक होते तेव्हा दोष व्हॅक्यूमचा. एवढे एक वाक्य मी सासूबाईंनासुद्धा पाठ करून घेतले आहे. त्या गाडी चालवत नाहीत, पण चालवणाऱ्याला दटावतात.

वही पुन्हा सुरू झाली. अब्बांनी उर्दूत उजवीकडून लिहिली होती. मी मराठीत लिहायचे ठरवले, कारण पुढे मुलीला आणि गॅरेजमधल्या पोरांनाही वाचता यावे. म्हणून मी वही उलटी धरून डावीकडून सुरुवात केली. आता दोघांच्या नोंदी एकाच वहीत समोरासमोरून चालत येत आहेत.

रविवारी फजरनंतर अर्धा तास गाडीचा. आधी गाडी हलवण्यापूर्वी खाली वाकून जमीन पाहायची. काळा डाग असेल तर इंजिन ऑइल, हिरवट असेल तर कूलंट, चाकाच्या आतल्या बाजूला ओल असेल तर ब्रेक किंवा हबचे सील. मग डिपस्टिक काढायची, फडक्याने पुसायची, पुन्हा घालून पाहायची. पहिल्यांदा काढून पाहिलेले माप खरे नसते, हे मला कळायला वर्ष लागले. रेडिएटरचे झाकण थंड इंजिनवरच उघडायचे. आमच्या लाल मातीत एअर फिल्टर लवकर भरतो. तो झटकून पुन्हा लावण्याचे दोन वेळा चालते, तिसऱ्यांदा नवा. डिझेल फिल्टरखालचा स्क्रू सैल करून साठलेले पाणी सोडायचे, विशेषतः पावसाळ्यात. सकाळी स्टार्ट करताना हीटरचा दिवा विझेपर्यंत थांबायचे. हे एक काम माझ्या मुलाला अजून जमत नाही, त्याला घाई.

धूरसुद्धा वाचायला शिकले. काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा नोझल बिघडले. निळा म्हणजे इंजिन स्वतःचे ऑइल खाते आहे. थंडीत सकाळी थोडा पांढरा चालतो. पण इंजिन गरम झाल्यावरही पांढरा राहिला आणि रेडिएटरचे पाणी घटू लागले, तर हेड गॅस्केटची काळजी करायची. रिव्हर्स टाकताना खालून 'टक्' असा आवाज आला तर प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस. खड्ड्यात मागून करकर आली तर पाट्यांचे बुश. टायरच्या बाजूला चार आकडे कोरलेले असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. १४०९ म्हणजे २००९ च्या चौदाव्या आठवड्यातला. आमची स्टेपनी तीच निघाली. नक्षी अगदी नवी आणि रबर सुकलेल्या भाकरीसारखे तडकलेले. आठ वर्षे आम्ही तिला मागच्या दाराला लावून मोठ्या विश्वासाने फिरवत होतो.

कोकणातल्या जुन्या गाडीचा खरा शत्रू मात्र इंजिनात नसतो, पत्र्यात असतो. खाडीची खारी हवा, चार महिने पाऊस. दारांच्या खालच्या कडेला पाणी जाण्यासाठी लहान छिद्रे असतात, ती मातीने बुजतात आणि दार आतून सडते. मी ती केसातल्या पिनेने मोकळी करते. फुटबोर्ड दोनदा बदलला. आणि इथपर्यंत आले की मला २०२१ ची गोष्ट सांगावीच लागते.

त्या वर्षी बकरी ईद २१ जुलैला होती. दिवसभर पाऊस, कुर्बानीचे वाटे भर पावसात छत्र्या धरून पोहोचवले. २२ जुलैच्या पहाटे वाशिष्ठीचे पाणी चिपळुणात शिरले. पुढे काय झाले ते सगळ्या महाराष्ट्राने पाहिले. आमचे घर जरा उंचावर, म्हणून आम्ही वाचलो, अल्हम्दुलिल्लाह. गाडी आदल्या रात्री खालच्या गल्लीत लावली होती. पाणी ओसरल्यावर गेलो तेव्हा सीटच्या वर चार बोटांपर्यंत चिखलाची रेघ होती. डॅशबोर्डवर अब्बांनी लावलेली 'माशाअल्लाह'ची पाटी मात्र कोरडी.

फोन बंद, वीज नाही. शेजारचे लोक आपापल्या गाड्या स्टार्ट करून पाहत होते. मला वहीच्या पहिल्या पानावर अब्बांनी मोठ्या अक्षरांत लिहिलेले आठवले. त्यांना २००५ च्या पुराने शिकवलेले असावे. अर्थ असा की पाण्यात गेलेल्या गाडीला चावी लावायची नाही. मी चावी घरी सासूबाईंच्या उशीखाली ठेवून दिली, म्हणजे कोणी भला माणूस मदत करायला येऊ नये. चौथ्या दिवशी चाचा चिखल तुडवत चालत आले. त्यांचे स्वतःचे गॅरेज छपरापर्यंत बुडालेले, हत्यारे वाहून गेलेली. अंगणात बसून त्यांनी आधी चहा घेतला, मग विचारले, "टीचर, चावी फिरवली का?" मी नाही म्हटल्यावर ते एवढेच बोलले, "मग जगेल."

कारण असे की सिलिंडरमध्ये पाणी असताना इंजिन फिरवले तर पिस्टन पाण्यावर आदळतो. पाणी दाबले जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. आमच्याच गल्लीत एका गाडीचे तसे झाले. आमच्या गाडीची आधी बॅटरी सोडली. ऑइल काढले तर ते दुधाळ चहासारखे. चारही हीटर प्लग काढून इंजिन हाताने फिरवले, तेव्हा एका भोकातून पाण्याची चिळकांडी उडाली. इंजिन, गिअर बॉक्स, डिफरन्सियल, सगळ्यांचे ऑइल बदलले. इंजिनचे तर थोडे चालवून आणखी दोनदा. सेल्फ आणि डायनामो उघडून उन्हात वाळवले, म्हणजे ज्या दिवशी ऊन पडले त्या दिवशी. हब बेअरिंग धुऊन नवे ग्रीस भरले. सीट काढून अंगणात मांडल्या, तर त्यावर आठवडाभर शेजारच्या कोंबड्या बसल्या. एकूण ४८ हजार गेले. विमा फक्त थर्ड पार्टी होता, त्यात आपल्या गाडीच्या नुकसानीचे काही मिळत नाही. चाचांनी मजुरी सांगितलीच नाही. हत्यारे घ्यायला म्हणून मी जे दिले ते त्यांनी न मोजता खिशात टाकले. वहीत मी ते सगळे लिहिले, तारखेसह, तीन पाने.

आता मूळ मुद्दा. २०२३ मध्ये मुलगा दहावी झाला. डिप्लोमाच्या प्रवेशाची फी समोर होती. गाडीची नोंदणी १५ वर्षांनंतर एकदा वाढवून घेतलेली, ती ऑक्टोबरात संपणार होती. नूतनीकरणाचे शुल्क २०२२ च्या एप्रिलपासून ६०० रुपयांवरून ५ हजार झाले होते, शिवाय ग्रीन टॅक्स, आणि तपासणीआधी करावी लागणारी कामे वेगळी. ह्यांनी दोह्याहून सांगितले, विकून टाक. त्यांचे चुकत नव्हते. महिन्याच्या पगारातून दोन घरे चालवणारा माणूस आणखी काय सांगणार?

एक ओळखीचे दलाल आले. गाडीभोवती फिरून म्हणाले, एक लाख तीस सहज येतील, गिऱ्हाईक तयार आहे. मी म्हटले, पुराचे सांगावे लागेल. ते हसले. "भाभी, दोन वर्षं झाली. गाडी चालते ना? पुराची म्हटली की साठलासुद्धा कोणी हात लावणार नाही. आणि ती वही दाखवायची नाही, घरातच ठेवा."

गिऱ्हाईक गुहागरकडचा एक तरुण होता. गाडी कशासाठी हवी म्हणून विचारले, तर म्हणाला, वाडीतली मुले शाळेत ने-आण करायची. ते ऐकून माझ्या पोटात गोळा आला. कारण दलालांना माहीत नसलेली एक गोष्ट मला माहीत होती. त्याच महिन्यात बुश पाहताना चाचांनी मागच्या पाट्याच्या हँगरजवळ चासीवर स्क्रू ड्रायव्हरने ठोकले होते आणि खण्ण असा आवाज येण्याऐवजी फद् असा आला होता. पुराचा गाळ चासीच्या पोकळीत राहिला होता. तो ओल धरून बसला आणि लोखंड आतून खाल्ले गेले. वरून काळा रंग तुकतुकीत.

तरुण दुसऱ्या दिवशी पैसे घेऊन येणार होता. रात्री मला झोप नव्हती. सत्तर हजारांचा फरक होता, आणि तो फरक म्हणजे बरोबर मुलाची फी. मी स्वतःला बरेच काही समजावले. गाडी जुनी आहे हे त्यालाही दिसतेच, घेणाऱ्याने पाहून घ्यावे, मी काही खोटे बोलणार नाही, फक्त न विचारलेले सांगणार नाही. मग आठवली ती बाजारातल्या धान्याच्या ढिगाची हदीस. दर वर्षी मी ती सहावीच्या मुलांना सांगते. प्रेषित मुहम्मद (स.) ढिगात हात घालतात आणि बोटांना आतली ओल लागते. व्यापारी म्हणतो की पावसाने भिजले. त्याला विचारले जाते की मग भिजलेले धान्य वर का ठेवले नाहीस, लोकांना दिसले असते. त्या व्यापाऱ्याने पाऊस पाडला नव्हता. मीही पूर आणला नव्हता. त्याच्यावर ठपका होता तो ओले खाली ठेवल्याचा. आणि माझ्या गाडीचे ओले तर अक्षरशः खालीच होते.

सकाळी तरुण आला तेव्हा मी त्याच्या हातात वही दिली आणि पुराची तीन पाने उघडून दिली. मग मोबाइलचा टॉर्च दिला आणि म्हटले, खाली वाक, तिथे ठोकून बघ. त्याने ठोकले. बराच वेळ खालीच होता. बाहेर येऊन कपडे झटकले, वही परत दिली, "बरं झालं टीचर" म्हणाला आणि निघून गेला. दलाल माझ्याकडे न बघता त्याच्या मागे गेले.

हे दोन दिवस फोनवर बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी फोन आला तो सासूबाईंना. त्यांनी काय सांगितले ते मला माहीत नाही, दार लावून बोलत होत्या. फीसाठी मी भिशी आधी उचलली आणि उरलेले बहिणीकडून घेतले, ते पुढच्या वर्षी मार्चपर्यंत फेडले. सोपे होते असे मी म्हणणार नाही. त्या वर्षी घरात पडदे बदलले नाहीत आणि ईदला मी जुनाच सूट घातला.

ऑगस्टमध्ये हे सुट्टीवर आले. आल्या आल्या चटई टाकून गाडीखाली गेले. बाहेर आल्यावर म्हणाले, "यात मुलं बसवून द्यायची होती का मी?" मी काही उत्तर दिले नाही. पुढच्या आठवड्यात चासीचे काम केले. बॅटरी आणि डायनामोच्या वायरी सोडून, सडलेला भाग कापून काढून, दोन्ही बाजूंनी जाड पट्ट्या वेल्डिंग केल्या. गंजावरच पट्टी ठोकून देणारेही असतात, आणि स्वस्तात देतात; चाचांनी तसे करायला साफ नकार दिला. पोकळीतला गाळ पाण्याच्या जोराने काढला, तो घमेलेभर निघाला. १४ हजार खर्च. एक बुश आणि दाराचे कुलूप इथे मिळेना, ते ह्यांनी कुर्ल्याहून आणले. ऑक्टोबरात तपासणी झाली, गाडी २०२८ पर्यंत कागदावर जिवंत आहे. त्यापुढचे अल्लाहला माहीत.

आता धाकटी माझ्याबरोबर रविवारी खाली वाकते. तिला डिपस्टिक येते, नोंदी तीच लिहिते, आणि अक्षर माझ्यापेक्षा चांगले आहे. मिस्त्री चाचा तिला 'छोटी टीचर' म्हणतात आणि काही सांगायचे असेल तर थेट तिला सांगतात.

गेल्या हिवाळ्यात एका अनोळखी नंबरवरून व्हॉट्सअॅपवर फोटो आले. एका बोलेरोचे, चकचकीत. खाली लिहिले होते, "टीचर, मी गुहागरचा. ही गाडी घेतोय. आत काय बघू?" मी लिहिले, खाली जाऊन चासी ठोक, सीटच्या खालचे नटबोल्ट बघ, गालिचा उचलून वास घे. आणि सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून बघ, लोक बाहेरचा भाग धुतात, आत गुंडाळलेला कोणी धूत नाही.

अर्ध्या तासाने फोटो आला. बेल्टच्या टोकाशी तपकिरी रेघ होती. मी "नको" एवढेच लिहिले.